चिऊताईला दार उघडायला वेळ का लागतो

माझ्या कथेत एक बाई होती. तिशीतली, घणसोलीत राहणारी. नवरा रात्री उशिरा घरी येतो, ती स्वयंपाकघरात उभी असते आणि त्याच्याकडे वळून बघत नाही. कथेचा सगळा भार या एका न बघण्यावर होता. त्या प्रसंगावर मी सात महिने काम केलं. संवाद तासले, विशेषणं उपटून काढली, सुरुवात चार वेळा बदलली. शेवटी धीर करून बायकोला वाचायला दिली. तिने ती उभ्याउभ्याच फोनवर वाचली आणि म्हणाली, "चांगली आहे. पण तो आला आणि हिने वळून बघितलं नाही, तेव्हा हिच्या हातात काय आहे?"

मला सांगता येईना. कथेत मी लिहिलं होतं, 'ती काम करत राहिली.' कोणतं काम? रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात नेमकं काय करायचं शिल्लक असतं? मी त्याच घरात राहतो. फक्त त्या वेळी मी बाहेरच्या खोलीत बसून कथा लिहीत असतो.

कथालेखन सुधारायचं कसं, याचे सल्ले आता फोनवर ढिगाने मिळतात. पहाटे उठा. रोज पाचशे शब्द लिहा. दाराला कडी लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. (घर वन बीएचके असेल तर दुसरी खोली म्हणजे जिथे मूल झोपलंय ती.) मुराकामी पहाटे चारला उठून लिहितो, हे मी निदान दहा रील्समध्ये ऐकलंय. त्याला मूलबाळ नाही, हे त्यातल्या एकाही रीलमध्ये सांगितलेलं नव्हतं. टोनी मॉरिसन दोन मुलांना एकटीने वाढवत, प्रकाशनसंस्थेतली नोकरी सांभाळत मुलं उठायच्या आधी लिहायची, हेही सांगतात, पण ते अशा सुरात की तिला जमलं तर तुम्हाला का नाही. या सगळ्या सल्ल्यांत वेळ ही जमिनीवर पडलेली वस्तू असते. आपण फक्त लवकर उठून ती उचलायची.

माझे रात्रीचे दहा ते बारा हे दोन तास मी असेच उचलले होते. आमच्या कामात ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. मध्यरात्री सर्व्हर बंद पडला तर कुणाचा फोन वाजणार याची पाळी ठरलेली असते आणि ती सगळ्यांना दिसेल अशी तक्त्यात लिहिलेली असते. घरातही ऑन-कॉल असतंच. मूल दचकून उठलं, सिलिंडर संपला, पाळणाघरातून तापाचा फोन आला, उद्याच्या डब्याची भाजी निवडायची राहिली. फरक इतकाच, की आमच्या घरी तक्ता नव्हता आणि पाळीवर नाव एकच होतं. तिची बेलापूरला बँकेत नोकरी आहे, माझ्याइतक्याच तासांची. माझे दोन तास कुठून येत होते हे मला त्या रात्रीपर्यंत दिसलं नव्हतं.

मग मी मराठीत शोधायला लागलो. संसार करून कथा-कादंबरी कशी लिहायची, याबद्दल आपल्या लेखकांनी काय सांगून ठेवलंय? लेखकांच्या मुलाखतींत, प्रस्तावनांत प्रेरणेबद्दल भरपूर सापडलं. पहिली कथा कुठे छापून आली, कोणत्या संपादकाने पाठ थोपटली, कोणत्या गावच्या नदीने काय दिलं. वेळ कुठून आणला याबद्दल मात्र 'पत्नीची साथ लाभली' एवढंच वाक्य, तेही बहुतेक ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत. तपशील हवे असतील तर वेगळी पुस्तकं काढावी लागतात. लेखकाचा वेळ तयार कसा होतो हे मराठीत लेखकांच्या घरातल्या बायकांनी लिहिलंय. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. रणजित देसाईंच्या घरातल्या वर्षांबद्दलचं माधवी देसाईंचं 'नाच गं घुमा' (१९८८). आणि सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' (१९९०).

'आहे मनोहर तरी' माझ्या आईच्या कपाटात होतं. ते आमच्याकडे 'पु.लं.च्या बायकोने पु.लं.बद्दल लिहिलेलं पुस्तक' म्हणून ओळखलं जायचं. आलं तेव्हाही त्याची चर्चा मुख्यतः अशीच झाली. महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाबद्दल बायकोने असं लिहावं का, वगैरे. मी ते यंदा पहिल्यांदा सलग वाचलं आणि मला ते लग्नाबद्दलचं कमी आणि उत्पादनाबद्दलचं जास्त वाटलं. एक माणूस इतकं लिहितो, नाटकं करतो, एकपात्री प्रयोग करतो, देशोदेशी फिरतो, गाण्याच्या मैफलींना हजर असतो, माणसांच्या गराड्यात असतो, तेव्हा त्यामागे कोणती यंत्रणा चालू असते? मुद्रितं कोण बघतं, करार कोण वाचतं, कुणाला परवानगी द्यायची आणि कुणाला नाही हे कोण ठरवतं, नको तेव्हा आलेल्या माणसाला दारातून परत पाठवून वाईटपणा कोण घेतं? सुनीताबाई. त्यांच्या कडकपणाचे किस्से अजून सांगितले जातात, हसून. पण तो कडकपणा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी लेखनाच्या तासांभोवतीची भिंत होती.

बाईंना याची तक्रार आहे का? आहे आणि नाही. पुस्तकाचं मोठेपण मला इथेच दिसतं. हे सगळं आपण आपल्या मर्जीने ओढवून घेतलं, हे त्या लपवत नाहीत. स्वतःला त्या भाईंपेक्षा जास्त कठोरपणे तपासतात. कधी वाटतं आता आरोप पक्का होणार, तोच त्या उलटतपासणी सुरू करतात, स्वतःचीच. काळाचा सरळ क्रम त्यांनी ठेवलेला नाही. आठवण येते, मध्येच तुटते, दुसरीकडे जाते. पहिल्यांदा मला हा विस्कळीतपणा वाटला. नंतर वाटलं, ज्या माणसाला आयुष्यभर सलग दोन तास मिळाले नसतील त्याचं मन असंच चालत असेल. हा माझा तर्क आहे, बाईंनी असं कुठे म्हटल्याचं मला आठवत नाही.

पु.लं.वर मी वाढलोय, त्यामुळे इथे मला थोडं थांबावं लागतं. माझ्या मनात एक सोपा सिद्धान्त तयार होत होता: घरकामातून सुटलेल्या लेखकाची नजर बोथट होते. पु.ल. हा सिद्धान्त पहिल्याच फटक्यात मोडतात. 'व्यक्ती आणि वल्ली'मधली माणसं ज्या कानाने टिपली आहेत तो कान बोथट म्हणणारा स्वतः बहिरा असला पाहिजे. शिवाय त्यात 'नारायण' आहे. लग्नघरात सगळ्यांसाठी राबणारा आणि लग्न लागलं की कुणाच्याच लक्षात न राहणारा नारायण. फुकट राबणाऱ्या माणसाकडे इतक्या मायेने बघणारं लेखन मराठीत फार नाही. म्हणजे अदृश्य कष्ट पु.लं.ना दिसत होते. फक्त ते त्यांनी मांडवात पाहिले. त्यांच्या स्वतःच्या घरातला नारायण कोण होता, ते सुनीताबाईंनी लिहिलं, आणि तेही चौसष्टाव्या वर्षी.

'आहे मनोहर तरी'चं इंग्रजी भाषांतर गौरी देशपांड्यांनी केलं, १९९५ साली. मला हे कळलं तेव्हा गंमत वाटली, मग गंमत कमी झाली. ज्या लेखिकेच्या दीर्घकथांतल्या बायका घर, नवरा, मुलं आणि स्वतःचं मन यांच्यात सतत ये-जा करत असतात, तिने आपल्या लेखनाचे तास काढून या पुस्तकाला दिले. भाषांतर म्हणजे दुसऱ्याच्या वाक्यांची घरकामंच. तिला ती वाक्यं ओळखीची वाटली असतील का?

'स्मृतिचित्रे'बद्दल शाळेत आपल्याला 'प्रांजळ', 'प्रसन्न', 'साधीसोपी भाषा' असे शब्द शिकवतात. हे शब्द खोटे नाहीत, पण त्यांनी एक नुकसान झालं. लक्ष्मीबाईंनी हे सहज लिहिलं, त्यांच्याकडून ते आपोआप झालं, असं आपल्याला वाटत राहतं. कथा लिहायला शिकणाऱ्याने हे पुस्तक आत्मचरित्र म्हणून बाजूला ठेवू नये. प्रसंग उभा कसा करायचा याचं यापेक्षा चांगलं शिक्षण मला मराठी कथेत क्वचितच मिळालंय. बाई कधीच शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर टिळकांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. रेव्हरंड टिळक कवी, लहरी, दानशूर, चटकन संतापणारे आणि तितकेच चटकन विरघळणारे. घरात पैसा टिकायचा नाही, कारण आलेला पैसा ते देऊन टाकायचे. कधी न सांगता निघूनही जायचे. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. असा नवरा कादंबरीत घातला तर लेखक दोनांतलं एक काहीतरी करतो. त्याला संत करतो, किंवा खलनायक. लक्ष्मीबाई दोन्ही करत नाहीत. त्या टिळकांना एक असं पात्र करतात ज्याच्यावर रागावता येतं, हसता येतं, आणि जे दार उघडून आत आलं की घर पुन्हा भरल्यासारखं वाटतं.

हे त्यांना कसं जमतं? माझ्या मते त्यांच्या लिहिण्यात भावना सुट्टी कधी येत नाही, ती नेहमी कामाला जोडून येते. घरात पाहुणे आहेत आणि पीठ नाही. दुष्काळातलं किंवा साथीतलं कुणाचं तरी पोर घरात आलंय आणि त्याला आधी न्हाऊ घालायचं की खायला द्यायचं. लक्ष्मीबाईंना या क्षणी काय वाटलं हे त्या फार सांगत नाहीत. त्यांनी काय केलं ते सांगतात, आणि वाटणं आपल्यापर्यंत आपोआप पोचतं. त्यांच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचं वेड होतं, बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात जात नसे. लहानपणीचा तो सगळा धाक त्या धुण्याच्या तपशिलांमधून येतो, 'मला भीती वाटे' या वाक्यातून येत नाही. हिच्या हातात काय आहे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंना विचारावाच लागत नाही. त्यांच्या प्रत्येक पानावर कुणाच्या ना कुणाच्या हातात काहीतरी आहे.

बालकवी ठोमरे काही काळ टिळकांच्या घरी राहिले होते. एका घरात दोन मोठे कवी. त्या घरातलं सगळ्यात चांगलं गद्य लिहिणारी व्यक्ती त्या वेळी त्या दोघांच्या जेवणाचं बघत होती.

एवढं लिहून झाल्यावर मला थांबायचा मोह होतो: बघा, संसार हीच खरी कार्यशाळा. हे वाक्य एखाद्या पोस्टवर फुलांच्या चौकटीत शोभेल. पण सालं बघितली की ते टिकत नाही. टिळक गेले १९१९ मध्ये. 'स्मृतिचित्रे' यायला लागलं १९३४ मध्ये, चार भागांत, आणि लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. मधल्या काळात टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण करण्याचं कामही त्यांनीच केलं. म्हणजे नवऱ्याचं पुस्तक आधी, आपलं नंतर. सुनीताबाई चौसष्ट, लक्ष्मीबाई साठीच्या पुढे. संसाराने त्यांना नजर दिली असेल, पण त्या नजरेचं पुस्तक व्हायला चाळीस-चाळीस वर्षं घेतली. आणि या ज्यांनी लिहिलं त्या. ज्यांनी लिहिलंच नाही त्यांची यादी कोण करणार?

विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३, 'हिंदोळ्यावर' १९३४, 'विरलेले स्वप्न' १९३५. तीन वर्षांत तीन पुस्तकं, त्यातलं पहिलं सगळ्या महाराष्ट्राला हादरवणारं. मग 'बळी' ही कादंबरी येते ती १९५० मध्ये. मधल्या काळात सोलापूरच्या सेटलमेंटमधली नोकरी आहे, 'बळी' त्याच अनुभवावर उभी आहे, आणि विश्राम बेडेकरांशी लग्न आणि संसारही आहे. या खंडाचं एकच कारण काढणं मूर्खपणाचं होईल. कुणाला नोकरी अडवते, कुणाला विषय पिकायला वेळ लागतो. पण 'रणांगण' १९३९चं, म्हणजे त्या घरातल्या दोन कादंबरीकारांपैकी एकाची सगळ्यात गाजलेली कादंबरी नेमकी दुसरीच्या त्या शांत वर्षांत आलेली आहे. मी दोष देत नाहीये. मी फक्त दोन स्तंभ शेजारी ठेवून बघतोय.

अमेरिकेतला रेमंड कार्व्हर या बाबतीत वेगळा निघतो. 'फायर्स' नावाच्या निबंधात तो म्हणतो की माझ्या लेखनावर सगळ्यात मोठा प्रभाव कुठल्या लेखकाचा नाही, माझ्या दोन मुलांचा आहे, आणि तो प्रभाव सुखाचा नव्हता. लाँड्रीत कपडे वाळवायचं यंत्र मोकळं होण्याची वाट बघत उभा असताना त्याला कळलं की आपलं आयुष्य हे असंच असणार. कादंबरीला लागणारा सलग काळ आपल्याला नाही, म्हणून एका बैठकीत संपेल असंच आपण लिहितो. निबंध कटू आहे, मुलांवर थोडा अन्यायही करणारा आहे. तरी मला तो हवासा वाटतो, कारण एक पुरुष लेखक ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन उभा आहे आणि त्या पिशवीचा आपल्या कथेच्या लांबीशी संबंध जोडतोय. मराठीत असा पुरुष मी शोधत होतो.

आणि तो सापडला तिथे, जिथे मी बघितलंच नसतं. जी. ए. कुलकर्णी.

जी.एं.ची प्रतिमा आपल्या डोक्यात पक्की आहे. धारवाड, काळा चष्मा, सभासमारंभांना नकार, अविवाहित, माणूसघाणा. संसाराच्या कटकटीतून सुटलेला लेखक म्हणून पहिलं नाव हेच येईल. पण धारवाडच्या त्या घरात ते एकटे नव्हते. आईवडील लवकर गेलेले, आणि दोन मावसबहिणींची जबाबदारी त्यांनी घेतलेली. कॉलेजात इंग्रजी शिकवायचं, घर चालवायचं, बहिणींची शिक्षणं, त्यांचं आजारपण, पुढचं सगळं. त्यांतल्या एक, नंदा पैठणकर, यांनी नंतर 'प्रिय बाबुआण्णा' हे पुस्तक लिहिलं. कथांवरून जी.ए. ओळखणाऱ्याने ते वाचून बघावं. जगाला जी.ए. म्हणून माहीत असलेला माणूस घरात बाबुआण्णा होता.

हे कळल्यावर मी 'कैरी' आणि 'चैत्र' पुन्हा वाचल्या. 'कैरी'त आई गेल्यावर मावशीकडे आलेला मुलगा आहे. घर कडवट, आणि त्यात मावशी त्याच्यासाठी चोरून जपून ठेवते ते छोटे छोटे आनंद. 'चैत्र'मध्ये हळदीकुंकवात आईचा झालेला अपमान आणि तिने दिलेलं उत्तर मुलाच्या डोळ्यांनी दिसतं. नियती, अटळता, अंधार या शब्दांत आपण जी.एं.बद्दल बोलतो, आणि 'विदूषक' किंवा 'प्रदक्षिणा'बद्दल ते बरोबरही असेल. पण या दोन कथांत सगळं वजन पेललंय ते घरातल्या वस्तूंनी, फळाने, वाटीने, हळदीकुंकवाच्या सामानाने. कुणी काय वाढलं, कुणाला किती मिळालं, कुणी कुणासमोर काय धरलं. हे माणूसघाण्याचं निरीक्षण नाही. स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ उभं राहिलेल्या माणसाचं आहे. मूल नसलेल्या या माणसाने 'बखर बिम्मची' लिहिली, आणि त्यातला बिम्म ज्या प्रकारे प्रश्न विचारतो ते ऐकल्याशिवाय लिहिता येत नाही.

जी.ए. आणि सुनीता देशपांडे यांच्यात मोठा पत्रव्यवहार होता, दोघांचीही पत्रं पुस्तकरूपाने आली आहेत. वरवर बघता मराठीतले दोन अगदी वेगळे लोक. एकाच्या दारावर कुणी जायचं नाही असं ठरलेलं, दुसरीच्या दारावर रोज गर्दी आणि ती आवरायचं काम तिच्याकडे. मला या पत्रांत वाङ्मयीन चर्चेइतकंच त्यांच्या प्रकारात रस आहे. पत्र हा तुटलेल्या वेळेत लिहिता येणारा मजकूर. मध्ये उठून गेलं तरी पत्र रागावत नाही, उलट 'आत्ता कुणीतरी आलं होतं' हे वाक्य त्यातच मावतं. वाक्य कमावण्याची ही तालीम या दोघांनी वर्षानुवर्षं केली. हल्ली मी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवतो, लोकलमध्ये, रांगेत, दूध तापेपर्यंत. त्यातले बहुतेक टाकाऊ असतात. तरी एकेकाळी दोन तास कडी लावून बसूनही जे सुचत नसे ते कधीकधी रबाळे ते ऐरोली एवढ्या अंतरात सुचतं.

कडी मी काढली आहे, हे सांगायला हवं. बायकोच्या प्रश्नानंतर आम्ही घरात खरोखरच तक्ता केला, फ्रिजवर, चुंबकाने लावलेला. आठवड्यातल्या चार रात्री मुलीला झोपवण्याची पाळी माझी. त्यामुळे माझं लेखन वाढलं असं अजिबात नाही. पाच महिन्यांत एक कथा झाली, तीही आठ पानांची. पण या पाळीत मला एक संपादक मिळाली. वय अडीच वर्षं.

तिला रोज एकच गोष्ट लागते, चिऊकाऊची. एक शब्द बदलला तर ती थांबवते. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दारावर येतो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. चिमणी दार उघडत नाही. आधी बाळाला अंघोळ घालायची आहे, मग अंग पुसायचंय, मग कपडे, मग तीट, मग झोपवायचंय. शंभर वेळा सांगून झाल्यावर एका रात्री माझ्या लक्षात आलं की मी लहानपणापासून ही गोष्ट कावळ्याच्या बाजूने ऐकत आलोय. तो भिजतोय आणि ही दुष्ट बाई सबबी सांगतेय. माझी मुलगी ती तशी ऐकत नाही. तिचं लक्ष आत असतं. तीट लावली का? पावडर? मी एकदा घाईत तीट गाळली तर ती उठून बसली. तिच्या लेखी सबब एकही नाही, ही कामं आहेत आणि ती याच क्रमाने होतात.

मराठी मुलाला बहुधा सगळ्यात आधी कळणारी गोष्ट ही अशी आहे. तिचं कथानक म्हणजे एक बाई मुलाचं करतेय आणि दाराबाहेर कुणीतरी थांबलंय. सगळी उत्कंठा घरकामाच्या क्रमातून येते. एकेक काम कमी होतं तसं दार जवळ येतं. शेवट घरोघरी वेगळा सांगतात, आमच्याकडे मुलगी बहुतेक त्याआधी झोपते. लक्ष्मीबाईंचे प्रसंग मला आता याच बांधणीचे वाटतात: दाराशी कुणीतरी आहे, आणि बाईच्या हातातलं काम संपलेलं नाही. माझ्या कथेतला नवरा हा दाराबाहेरचा कावळा होता. मी त्याच्याबरोबर पावसात उभा राहून, ती का वळत नाही, ती का वळत नाही, असं सात महिने विचारत बसलो होतो.

कथा मी पुन्हा लिहिली. आता ती गॅसपाशी उभी आहे, सकाळच्या विरजणासाठी दूध तापवतेय, दूध वर यायला लागलंय आणि अशा वेळी मागे वळून बघता येत नाही, एवढंच. नवरा येतो, चपला काढतो, काहीतरी बोलतो. मग तो आतल्या खोलीत जातो आणि थोड्या वेळाने ती त्याच्या मागे जाते. तिथे दोघांचं भांडण होतं, दोन पानांचं. ते मला चांगलं जमलंय असं वाटलं.

बायकोने वाचली, या वेळी बसून. शेवटपर्यंत वाचली, मग बोटाने वर सरकवत मागे गेली.

"भांडण चांगलं आहे," ती म्हणाली. "पण गॅस कुणी बंद केला?"